न उघडलेलं छप्पर

साहेब, छप्पर खालून दिसत नाही. हे तुम्हाला ठाऊक होतं. नसेल, तर ती खुर्ची तुम्ही कशाच्या जोरावर अडवून बसला होता? सात वर्षं तुम्ही चिंचखारला आलात, शाळेच्या अंगणात उभे राहिलात, मान वर करून एकदा बघितलंत, शहाळं प्यालात, शेरेबुकात सही ठोकलीत आणि गेलात. शिडी एकदाही मागितली नाहीत.

कोंडाजीनं शिडी तरी लावली. वर जाऊन तसाच खाली आला, हा त्याचा गुन्हा. तो त्यानं कुणापासून लपवलेला नाही. तुमचा कुणी विचारतच नाही, म्हणून हे सगळं लिहावं लागतं आहे.

चिंचखार हे खाडीच्या तोंडाशी, भातखाचरांच्या कडेनं वसलेलं पन्नासेक उंबऱ्यांचं गाव. मुरुडची एस.टी. दीड कोसावर सोडते, पुढं बांधावरून चालत यायचं. इथं कोंडाजी पावसाळ्यात भात लावायचा आणि होळी सरली की नळे परतायचा. नळे म्हणजे कुंभारानं चाकावर घडवून मधोमध चिरलेली अर्धगोल कौलं. त्यांना खिळा नाही की चुना नाही. एकाच्या पोटात दुसरा, आपल्या वजनावर बसलेला. वारा त्यांना सरकवतो, माकडं फोडतात. म्हणून दर वैशाखात घर उघडं करायचं, नळे उतरवून झाडायचे, फुटके टाकायचे आणि पुन्हा ओळीनं लावायचे. वर दोघं आणि खाली हातोहात देणाऱ्या बायका. अंगावर वर्षाचा पाला, उंदरांची घरटी, सापाची कात, सगळं पडायचं. घामावर ती धूळ बसली की माणूस मातीतून उपटून काढल्यासारखा दिसायचा.

कोंडाजीसोबत वर जायचा त्याचा धाकटा भाऊ चंदर. उघड्या पडलेल्या वाशावर आणि तुळईवर चंदर कोयत्याची पाठ मारत जायचा आणि कान देऊन ऐकायचा. जिवंत लाकूड खणकन् बोलतं. आतून पोखरलेलं बसक्या आवाजात बोलतं. चंदर म्हणाला हे टोक गेलं, की घरधन्यानं वाद घालायचा नाही, नवं लाकूड आणायला निघायचं. लोक थट्टा करायचे, चंदरला बायको बघताना पण ठोकून बघ रे बाबा म्हणायचे. चंदर म्हणायचा, बघेन, पण ती आधी मला ठोकील.

बायको आलीच नाही. एका वैशाखात खोताच्या गोठ्याचे नळे उतरवताना चंदरच्या पायाखालची रीप तुटली आणि तो खाली उखळावर पडला. कंबर मोडली. उजवा पाय सुकत सुकत काठीसारखा झाला. खोतानं त्या दिवशी गूळपाणी दिलं आणि राहिलेल्या गोठ्यावर दुसरा गडी चढवला. त्यानंतर चंदर कोंडाजीच्या ओटीवर बसून सुंभ वळायचा. कुठं जायचं झालं तर कोंडाजी त्याला पाठीवर घ्यायचा. पस्तिशीचा माणूस, भावाच्या गळ्यात हात घालून बाजाराला, जत्रेला, खाडीवर. आरंभी लोक बघायचे. मग बघायचे थांबले. कोंडाजीच्या पाठीला मात्र चंदर पडला तो आवाज कायमचा चिकटला होता. नळा हातात घेतला की तो पुन्हा ऐकू यायचा. हे त्यानं बायकोला, बायजालासुद्धा, सांगितलं नव्हतं.

त्रेपन्न साली गावानं शाळा बांधायला काढली. जांभ्या दगडाच्या भिंती गावानं अंगमेहनतीनं उभ्या केल्या, दगडांचे दर्जे, म्हणजे सांधे, मातीनं भरले. राहिलं छप्पर. तेव्हा तालुक्याच्या बांधकाम कचेरीचे साहेब आले. मारुतीच्या पारावर खोताकडची खुर्ची आणून मांडली, साहेब तिच्यावर, गाव खाली. साहेब म्हणाले की दोन वाटा आहेत. कुंभाराकडून नळे भाजून घ्या, नाहीतर टेकडीवरचा मिठागराच्या गोऱ्या साहेबाचा बंगला आता पाडायचाच आहे, त्याच्या छपराच्या काळ्या दगडी पाट्या उतरवून न्या. विलायतेहून बोटीनं आलेला माल आहे, साठ वर्षं झाली, एक थेंब गळलेला नाही.

पाट्या सगळ्यांनी पाहिल्या होत्या. पोरांच्या लिहायच्या पाटीसारखाच तो दगड, पण हातभर लांब, बोटभर जाड, वरच्या टोकाला खिळ्याची दोन भोकं. उन्हात त्या बंगल्याचं छप्पर म्हशीच्या ओल्या पाठीसारखं चमकायचं. गावाला ते आवडलं. आपल्या शाळेवर साहेबाचं छप्पर, ही गोष्टच मोठी होती. तरी पाटील बाळाजी म्हणाला की हे ठरवणारा कोंडाजी, त्याला विचारा.

साहेब कोंडाजीकडं बघून एवढंच बोलले. "नळे घातलेस तर दर वर्षी वर चढशील. पाट्या खिळ्यांनी ठोकल्या की पन्नास वर्षं कुणी वर जायचं कारण नाही."

कुणी वर जायचं कारण नाही. कोंडाजीनं पाराच्या कडेकडं पाहिलं. चंदर तिथं सुका पाय हातानं उचलून दुसऱ्या बाजूला ठेवत होता. शाळेचे नळे म्हणजे गावाचं काम. दर वर्षी कुणाची ना कुणाची पोरं वर जाणार, आणि कधी ना कधी एखादी रीप तुटणार.

तेवढ्यात चंदरच बोलला. "दादा, नळेच घाल."

"का रं?"

"छप्पर उघडल्याबिगर लाकडाच्या पोटात काय हाय ते कसं कळंल? ठोकून बंद क्येलं तर वर्साला बघायचं कुणी?"

साहेब हसले. ज्याला छपरानं लंगडा केला तोच छपरावर चढा म्हणतोय, असं काहीतरी म्हणाले. चारजण हसले. चंदर खाली बघून म्हणाला, "पडलो तो मी पडलो. नळ्यांनी न्हाय पाडला."

कोंडाजीला तेव्हा त्याचा राग आला. ज्याच्यासाठी जीव तुटतो त्यानंच चारचौघांत आडवं यावं, असा राग. तो उठला आणि म्हणाला, पाट्या. साहेबांनी कागद पुढं केला. शाळेचं छप्पर सरकारी, त्यास गावानं परस्पर हात लावायचा नाही, असं त्यात होतं. कोंडाजीनं अंगठा दिला.

त्या दिवशी चंदरला पाठीवर घेऊन घरी येताना दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. फक्त बांध उतरताना चंदर म्हणाला की हळू, पाय घसरंल. कोंडाजीनं हूं केलं.

बंगला कोंडाजीनंच उतरवला. एक एक पाटी खिळा उचकटून काढायची, सुंभाच्या जाळीत बांधून खाली सोडायची. पाट्यांखाली सागाच्या फळ्या होत्या, जागजागी बोटभर फट ठेवलेल्या. आढ्याखाली माळा होता, माळ्याला एक लहान दार, दाराला एक अरुंद जिना. जिन्याच्या पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झालेल्या. दाराआड खुंटीला एक लाकडी हातोडी टांगलेली, तिचं डोकं ठोकून ठोकून चपटं पडलेलं. कोंडाजीनं ती हातात घेऊन बघितली, गोरा साहेब इथं उंदीर मारायला येत असेल म्हणून सोबतच्यांशी हसला, आणि खाली टाकली. एवढ्या वर्षांचा छपरं जोखणारा माणूस, पण झिजलेल्या पायऱ्या आणि चपटी हातोडी समोर असताना त्याला कळलं नाही. दर वर्षी कुणीतरी तिथं चढून, लाकूड ठोकून, कान देत होतं. चंदरला पाठीवर घेऊन तो माळा दाखवला असता तर त्यानं एका नजरेत सांगितलं असतं. पण त्या दिवसांत दोघांचं धड बोलणं नव्हतं.

शाळेच्या नकाशात माळा नव्हता. फळ्या साहेबांनी पाठवल्या, त्या आंब्याच्या. कोंडाजी म्हणाला की आंबा टिकत नाही, ऐनाचं लाकूड तरी द्या. साहेबांचा माणूस म्हणाला, वरून पाट्या, खालून डांबर, मधे पाणी जाणार कुठनं? फळ्या फट न ठेवता भिडवून मारल्या, खालून काळंभोर डांबर फासलं. तुळयांची टोकं भिंतीत गेली, मातीच्या दर्जांत. वर पाट्या ठोकून झाल्या तेव्हा बाळाजीनं नारळ फोडला. पहिल्या पावसाळ्यात आत थेंब आला नाही. पोरं पाटीवर लिहीत बसली होती आणि बाहेर धो धो कोसळत होतं. कोंडाजी दारात उभा राहून ऐकत राहिला. त्याला फार बरं वाटलं.

पुढं मास्तरांनी चंदरला घंटा मारायच्या कामाला लावलं. पाटणकर मास्तर घाटावरचे, भित्रे पण मनानं स्वच्छ. सकाळी कोंडाजी चंदरला पाठीवर आणून शाळेच्या पडवीत भिंतीला टेकवून बसवायचा, दुपारी जेवायला घरी न्यायचा, परत आणायचा, संध्याकाळी पुन्हा न्यायचा. चंदरच्या अंगावर जरा मांस आलं. पोरं त्याला चंदरकाका म्हणायची आणि मधल्या सुट्टीची घंटा लवकर मार म्हणून बोरं द्यायची. बोरं खाऊन तो घंटा वेळेवरच मारायचा.

पाचव्या वर्षी त्याच्या खांद्यावर पिठी पडायला लागली. तुळईचं टोक भिंतीत शिरतं त्याच्या खालीच त्याची बसायची जागा. रोज सकाळी चिमूटभर, रव्यासारखी, फिकट पिवळी. चंदरनं ती झटकली नाही. एका करवंटीत गोळा करत गेला. अर्धी करवंटी झाल्यावर कोंडाजीपुढं ठेवली.

"काय हाय वळख."

कोंडाजीनं बोटांत चोळली, नाकाला लावली. त्याला ओळखायला वेळ लागला नाही. वाळवी नुसती नव्हती, भुंगासुद्धा लागला होता. खालून डांबर जसंच्या तसं, काळं, चकचकीत.

"चार पाट्या काडून बग. जास्त न्हाय, चार."

मास्तरांनी अर्ज लिहून दिला. कोंडाजी करवंटी पंच्यात बांधून एस.टी.नं कचेरीत गेला. सकाळपासून पायरीवर बसला. वाटेनं येणारेजाणारे त्याच्या गुडघ्याला पाय लावून जात होते. दुपारनंतर आत बोलावलं. त्यानं पंचा सोडून करवंटी मेजावर ठेवली. साहेबांनी कागद बाजूला ओढून घेतले, घाण लागेल म्हणून.

"कोंडाजी, तुला नळे परतायची सवय. हात शिवशिवतात. स्लेटचं छप्पर आहे ते, ते परतायचं नसतं."

कोंडाजी म्हणाला की परतायचं नाही, नुसतं उघडून बघायचं. साहेब म्हणाले की काढताना पाट्या फुटल्या तर भरून कोण देणार, तू? शाळेचं काम मिळेना म्हणून कुरापत काढून आलास काय? शाळेच्या कामाला कधी कुणी सुपारीचं खांडही दिलं नव्हतं, हे कोंडाजीला सांगायचं होतं. तोवर साहेबांनी अर्ज पुढं ओढला. अर्जावर शिक्का मारला. शिपायानं करवंटी उचलून परत दिली. थोडी पिठी सांडली ती त्यानं पायानंच कोपऱ्यात लोटली.

उत्तर आलं नाही. त्या साली साहेब पाहणीला आले, अंगणात उभे राहिले, शहाळं प्याले आणि शेरेबुकात लिहून गेले: पाहिले. छप्पर उत्तम. गावकऱ्यांनी छपरास हात लावू नये.

मास्तरांनी ते वाचून दाखवलं तेव्हा चंदर म्हणाला, "तुझा हात तुझा हाय दादा, त्येंचा न्हाय."

एका रविवारी, शाळा बंद असताना, कोंडाजीनं शिडी लावली. पाच वर्षांनी तो त्या छपरावर चढत होता. पाट्या उन्हानं तापल्या होत्या, तळवे भाजत होते. तो तुळईच्या टोकावर जाऊन बसला, हातोडी काढली. एक पाटी फोडली की पुरे होतं. हात वर नेला आणि त्याला आधी रस्ता दिसला. कोण येतंय का. मग अंगठा दिलेला कागद आठवला, पायरी आठवली, मेजावरून मागं ओढलेले कागद आठवले. मग उखळावरचा तो आवाज ऐकू आला. हातोडी तशीच कमरेला खोचून तो खाली उतरला. खाली चंदर बसला होता. त्यानं काही विचारलं नाही. पुढं कधीच विचारलं नाही. चंदर दोन शिव्या देता तर बरं झालं असतं, असं कोंडाजी अजून म्हणतो.

साठ सालचा श्रावण सुटता सुटत नव्हता. नारळी पौर्णिमा होऊन गेली तरी होड्या किनाऱ्याला पालथ्या. भात बेणायला, तण काढायला, आलेलं. दुपारी चंदरला घरी नेऊन परत आणायचं म्हणजे अर्धा पहर मोडायचा, म्हणून कोंडाजी म्हणाला, बेणणी होईतो दुपारी तिथंच खा, बायजा भाकर आणून देईल. चंदर बरं म्हणाला.

त्या दिवशी मधल्या सुट्टीची घंटा झाली. पोरं डोक्यावर इरलं घेऊन घरी पळाली, मास्तर बाळाजीकडं जेवायला गेले. बायजानं फडक्यात बांधलेली भाकर आणि सुक्या जवळ्याची चटणी चंदरपुढं ठेवली. पाऊस वाढतोय, गुरं बाहेर हायत, म्हणून ती थांबली नाही. ती विहिरीपाशी पोचली असेल नसेल.

कोंडाजी खाचरात गुडघाभर चिखलात वाकलेला होता. त्याला दगडांची गाडी एकदम ओतल्यासारखा आवाज आला. त्यानंतर बेडूक गप्प झाले. तो मुठीतलं तण न टाकता धावला.

छप्पर मधोमध बसलं होतं आणि पडवी सगळी घेऊन आलं होतं. गाव जमलं. पाट्या उचलताना कडांनी हात कापत होते. काळ्या दगडावर रक्त दिसत नव्हतं, पाण्यात दिसत होतं. फळ्या मात्र उचलायला लागल्याच नाहीत. हात घातला की भिजल्या भाकरीसारख्या निघत होत्या. खालच्या बाजूचं डांबर तेवढं शाबूत, नारळाच्या सोडणासारखं, आत सगळं पोकळ. तुळईचं टोक भिंतीत उरलंच नव्हतं. तिथं मातीची भोकं होती.

चंदर भिंतीला टेकलेलाच सापडला. मान खाली, फडकं मांडीवर. फडक्याची गाठ सुटली नव्हती.

लोकांनी दार काढून आणलं, त्याच्यावर घालून न्यायला. कोंडाजी म्हणाला, नको. तो चंदरपुढं पाठ करून बसला, रोज बसायचा तसा. मेलेल्या माणसाचे हात गळ्यात राहत नाहीत. ते घसरत होते. शेवटी बायजानं ते दोन्ही हात पुढं घेऊन कोंडाजीच्या छातीवर धरले आणि त्याच्या बाजूनं चालत राहिली. असे तिघं पावसातून घरी आले. बांध उतरताना कोंडाजीचा पाय घसरला आणि तो सवयीनं थांबला, कुणीतरी हळू म्हणेल म्हणून.

तेराव्यानंतर चौकशी आली. शाळा नाही, म्हणून मारुतीच्या देवळात. खुर्ची खोताकडचीच. साहेब तेच, केस जरा पिकलेले. त्यांनी आधी चुचकारलं. फार वाईट झालं, पोरं वाचली ही देवाची दया, म्हणाले. मग कागद वाचला. अतिवृष्टी, आणि स्थानिक कारागिरानं केलेलं सदोष काम. कारागिराच्या नावापुढं कोंडाजीचं नाव. त्यावर त्याला काही होणार नाही, नुसता अंगठा हवा, म्हणाले. आणि आता नवं छप्पर मंजूर करायचं आहे, निम्म्या पाट्या धड आहेत, तेव्हा तूच सांग कोंडाजी, पुन्हा पाट्या घालायच्या की कौलं?

बाळाजी पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत होता. 

कोंडाजी उठला. त्यानं करवंटी आणली होती, तीच. पिठी आता भिजून वाळून ढेकूळ झाली होती. ती त्यानं साहेबांच्या कागदावर ठेवली. बायजानं पदराखालून शेरेबुक काढलं. ते तिला ढिगाऱ्यात सापडलं होतं. वाचता येत नसताना तिनं त्याचं पान पान चुलीच्या वैलावर वाळवलं होतं. कडा करपल्या होत्या, धुराचा वास येत होता. तिनं ते मास्तरांच्या हातात दिलं.

"वाचा मास्तर."

मास्तरांनी साहेबांकडं पाहिलं. त्यांची नोकरी साहेबांच्या हातात होती आणि घाटावर चार पोरं होती.  तरी वाचलं. त्रेपन्न साल, पाहिले, छप्पर ठीक. चोपन्न, पाहिले, छप्पर ठीक. अशी सात वर्षं, सात सह्या. अठ्ठावन्नला तेवढं उत्तम.

साहेब म्हणाले की ही सरकारी वही आहे, ती इकडं द्या. मास्तरांनी दिली नाही. का दिली नाही, ते त्यांनाही पुढं सांगता आलं नाही.

कोंडाजी पुढं झाला. त्याच्या बोटांवरच्या पाट्यांच्या चिरा अजून भरल्या नव्हत्या. तो ओरडला नाही.

"साहेब, पाट्या म्हनलो तो मीच. माझा भाऊ नळे म्हनत व्हता, त्येचं आयकलं न्हाय. वर चडून हातोडी न मारता उतरलो तो बी मीच. ह्ये लिवा, अंगठा देतो. येक सोडून दोन देतो. पर माझ्या अंगठ्यासंगं तुमची सही बी जायला पायजे. तुमी सात डाव लिवलंत, पाह्यलं. अंगनातनं डांबर दिसतं, आमाला बी दिसत व्हतं. शिडी हितंच व्हती, ह्या देवळाच्या मागं. कौलं का पाट्या ते मागनं सांगतो. आदी तुमी सांगा, सात वर्सं तुमी काय पाह्यलंत?"

साहेबांनी खिशातून रुमाल काढला.

"घाम मागनं पुसा. काय पाह्यलंत?"